क्वेसीचं दहा मिनिटांचं भाषण

सोमवार, ७ ऑक्टोबर २०१३. केप कोस्ट.

नवी वही. जुन्या वहीत गेल्या नोव्हेंबरपासून नुसतं रडणं आहे. ती ट्रंकेत कापडांखाली ठेवून दिली. या वहीचे तीन नियम. रोज लिहायचं. तक्रार करायची नाही. अराबाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

काल अराबा आली होती. माझ्या नवऱ्याची, क्वेसीची थोरली बहीण. त्याला जाऊन नोव्हेंबरात वर्ष होईल, त्या प्रार्थनेची बैठक माझ्याच घरी होती. मी सहज म्हटलं की आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा क्वेसी पॅरिश हॉलमध्ये उभा राहून माझ्याबद्दल दहा मिनिटं बोलला होता. त्यातली दोन वाक्यं पत्रिकेवर छापू या.

अराबाने तोंडातला मक्याच्या केंकेचा घास गिळला. म्हणाली, "कोण क्वेसी? आमचा?"

मी म्हटलं, "आमचाच."

"अगं फिलो, लहानपणी आमच्या स्वयंपाकघराला आग लागली तेव्हा हा शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यांनी 'काय रे?' विचारेपर्यंत गप्प. दहा मिनिटं! त्याच्या सगळ्या आयुष्यातलं बोलणं एकत्र बांधलं तरी दहा मिनिटं भरायची नाहीत."

सगळे हसले. माझ्याच खुर्च्यांवर बसून, माझाच मासा खाऊन.

आमच्यात बायको नवऱ्याच्या कुळात मोजली जात नाही. बत्तीस वर्षं संसार केला तरी पहिली खुर्ची बहिणीची, त्याच्या कपड्यांची वाटणी बहिणीच्या हातून. ठीक आहे. रीत आहे. पण ती दहा मिनिटं माझी आहेत. ती कुळाची नाहीत.

मी सांगितलं की पुरावा आहे, समारंभाची डीव्हीडी आहे. अराबा म्हणाली, "मग दाखव ना." मी म्हटलं, "सगळ्या पॅरिशला दाखवते." ती म्हणाली, "तुझा प्लेयर तर मार्चमध्ये लाईटच्या झटक्याने जळला. माझा घेऊन जा." अराबाचा प्लेयर! त्यापेक्षा मी ती डिस्क बोटाने वाचीन. मी म्हटलं, "माझ्या कोबिनाने जर्मनीहून मशीन आणलंय."

आणलंच आहे. जानेवारीत वडिलांच्या अंत्यविधीला (आमच्यात तयारीला दोन-दोन महिने लागतात) आला तेव्हा गेमचा पांढरा डबा ठेवून गेला. कंपनीने त्यावर सिनेमे लावायला बंदी केली आहे म्हणे. पण जगभरच्या हौशी लोकांनी घरी बसून लिहिलेलं सॉफ्टवेअर कोबिनाने त्यात घातलं, म्हणजे तो डबा डीव्हीडी लावतो. त्या सॉफ्टवेअरला होमब्रू म्हणतात, घरी गाळलेल्या बिअरचं नाव. मी दारूबंदी महिला मंडळाची चिटणीस, त्यामुळे तो शब्द घरात नको म्हटलं. आम्ही 'घरचं सॉफ्टवेअर' म्हणतो.

सव्वा महिना आहे हातात. काम अर्ध्या तासाचं.

बुधवार, ९ ऑक्टोबर. दुपारी ३

डबा उघडला. म्हणजे क्रोशाचा रुमाल काढला. कोबिनाने सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवला होता, तो मी जूनमध्ये फ्रिज पुसताना काढला असावा. गरज नाही. मी तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं. यंत्र म्हणजे मला नवं नाही.

रिमोट पांढऱ्या मेणबत्तीसारखा. टीव्हीकडे धरला की पडद्यावर एक हात दिसतो. माझा हात थरथरला की तोही थरथरतो. असभ्य वाटलं.

एकदम मुख्य डिस्क घालायची नाही, आधी सराव. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इग्नेशिया आम्हाला महिनाभर बिनदोऱ्याची सुई चालवायला लावायच्या. म्हणून डब्याबरोबर आलेली बोलिंगची डिस्क घातली. तिने आधी विचारलं, मशीन अपडेट करू का? इतक्या नम्रपणे विचारलं की मी 'हो' दाबलं. एक निळी पट्टी सावकाश भरत गेली. मग बोलिंग खेळले. १४२ आले. चांगला दिवस.

गुरुवार, १० ऑक्टोबर

घरचं सॉफ्टवेअर नाहीसं झालं आहे. जिथे त्याचं चित्र होतं तिथे रिकामी राखाडी चौकट. चोरी म्हणावी तर कुलूप शाबूत.

कोबिनाला फोन. हॅम्बुर्गच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये असतो, जेवायच्या सुट्टीत बोलला. "मा, तू अपडेटला 'हो' म्हणालीस? अगं, ते अपडेट येतंच मुळी ते सॉफ्टवेअर पुसायला!"

मी म्हटलं, "मग त्याने तसं सांगायला हवं होतं. 'तुमचं घर झाडून नेऊ का' असं कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं."

कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ठीक आहे. परत घालता येईल. पण आधी मला सांग, ती डिस्क कुठून—"

"डिस्क माझ्या ट्रंकेत आहे, उत्तम स्थितीत आहे. तू पुढचं सांग."

पुढचं तो लिहून पाठवणार आहे. या मुलाला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. बापावर गेलाय. क्वेसीलाही शब्द सापडत नसत, मी पुरवायची. बत्तीस वर्षांत त्याला एकही वाक्य एकट्याने पूर्ण करावं लागलं नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

पत्रिका छापायला दिली. अकरावा क्रमांक: 'चित्रफीत. दिवंगत मि. जोसेफ क्वेसी एजिर यांचे पत्नीस उद्देशून भाषण.' छापखान्यातल्या बाईंनी विचारलं, किती मिनिटं? प्रत्येक क्रमांकापुढे मिनिटं लिहायची पद्धत आहे. मी म्हटलं, दहा... नाही, पंधरा. मध्ये टाळ्याही होत्या.

आता पोस्टरवरही आहे. चर्चच्या फाटकाला एक, चौकात एक. क्वेसीचा फोटो, आणि खाली माझी पंधरा मिनिटं.

आमच्या गावात छापलेलं टळत नाही. मागे एका अंत्यविधीला 'एकल गायन, चार मिनिटे' छापलं होतं आणि गाणारी आलीच नाही. तिची खुर्ची मध्ये ठेवून सगळे चार मिनिटं तिच्याकडे बघत बसले.

मला काळजी नाही. नोंद करून ठेवते, इतकंच.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

डब्याच्या पोटात बारा अक्षरांचा एक नंबर असतो, तो कोबिनाला फोनवर सांगायचा होता. ऐकण्यात चूक नको म्हणून संतांची नावं घेऊन सांगितला. "ए फॉर अ‍ॅग्नेस. सी फॉर सिसिलिया. सात. ए फॉर अ‍ॅम्ब्रोझ."

"थांब मा. अ‍ॅम्ब्रोझ म्हणजे ए की ओ?"

"ए."

"मग परत अ‍ॅग्नेस म्हण ना!"

"एकाच संताला दोनदा कशाला त्रास द्यायचा?"

पंचवीस मिनिटं लागली. शेवटी म्हणाला, "मा, एक राहिलंच. ती डिस्क दुका—"

मी म्हटलं, "तुझी ड्युटी असेल, पळ." उगाच मुलांचा वेळ घेऊ नये.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

मन्साच्या इंटरनेट कॅफेत गेले. मन्सा माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी आहे. कोबिनाने पाठवलेल्या फायली तिने कॅमेऱ्यात असतं तसल्या छोट्या कार्डावर घालून दिल्या.

"मॅडम, हे तर गेमचं मशीन हॅक करायचं सामान दिसतंय."

"मन्सा, हा कौटुंबिक विषय आहे."

"पण डीव्हीडीच बघायची ना? आपल्या बाजारात दर तिसऱ्या दुकानात प्लेय—"

"तुझी शिवण अजून तिरकी जाते का गं?"

तिने कार्ड पाकिटात घालून माझ्या हातावर ठेवलं. साधा प्लेयर मलाही आणता येतो. पण मी अराबासमोर कोबिनाच्या मशीनचं नाव घेतलं आहे. शब्द म्हणजे शब्द.

सोमवार, २१ ऑक्टोबर. सकाळी १०

कार्ड घातलं. डब्यात निरोपांचा एक फळा असतो. कोबिनाने लिहिलं होतं की तिथे एक पत्र येईल, ते उघड. पत्र आलं. लाल लखोटा, आणि त्यावर बॉम्बचं चित्र. वात पेटलेली.

ताबडतोब पुसून टाकलं. डब्याची वायर काढली. मग टीव्हीची. मग खबरदारी म्हणून फ्रिजचीही.

संध्याकाळी

कोबिना म्हणतो तेच पत्र उघडायचं होतं. ते बनवणाऱ्यांचा विनोद आहे म्हणे. असल्या विनोदी लोकांच्या हातात मी माझा नवरा दिला आहे.

फ्रिजमधलं मटणाचं सूप गेलं.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

मन्साकडे दुसरी फेरी. घरी येऊन क्रुसाची खूण केली, डोळे मिटले, लखोटा दाबला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. तीन वेळा 'पुढे', एकदा 'हो'. (या वेळी 'हो' बरोबर होतं. सगळे 'हो' सारखे नसतात.) आणि राखाडी चौकटीत चित्र परत!

मी एकटीने टाळ्या वाजवल्या. पॅरिशच्या फादर अमिसांना फोन करून कळवलं की अकरावा क्रमांक तयार आहे. ते म्हणाले, "देवाची कृपा." मी म्हटलं, "आणि चिकाटी."

आता फक्त डिस्क घालायची. ती उद्या. विजयाच्या दिवशी घाई करू नये.

शनिवार, २६ ऑक्टोबर

डिस्क घातली. डब्याने गिळली. टक्. टक्. टक्. बाहेर. पडद्यावर: डिस्क वाचता येत नाही.

पुन्हा. टक् टक्, बाहेर. अकरा वेळा घातली. काही वेळा प्रेमाने, काही वेळा नाही.

डिस्क उन्हाकडे धरून बघितली. दोन बारीक ओरखडे. सापडलं! उपाय घरातच आहे.

रविवार, २७ ऑक्टोबर

चर्चमधल्या मिस्सानंतर पायऱ्यांवर अराबा. सगळ्यांदेखत: "काय फिलो, बोलला का माझा भाऊ?"

"तयारी चालू आहे, सिस्टर अराबा."

"पहिला शब्द बोलला तेव्हा चार वर्षांचा होता तो. तूही धीर धर."

मी हसले. सिस्टर इग्नेशिया म्हणायच्या, हसू ही सभ्य बाईची छत्री असते. आज ती छत्री मोडली असती.

(या वहीत अराबाबद्दल लिहायचं नाही हा नियम डिसेंबरपासून.)

मंगळवार, २९ ऑक्टोबर

शिया बटर. बाळाच्या अंगाला शिया बटर, फुटलेल्या टाचेला शिया बटर, ढोलाच्या चामड्याला शिया बटर. ओरखड्याला दुसरं काय लावतात? बोटावर थोडंसं घेऊन गोल गोल चोळलं, दोन्ही बाजूंनी. डिस्क आरशासारखी चमकली. आत घातली. एकदाही टक् झालं नाही!

आत छान बसली आहे. इतकी छान की बाहेर येत नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. क्वेसीच्या कबरीवर गेले, दगड धुतला, झेंडूची रोपं लावली. सगळं सांगितलं: अपडेट, बॉम्ब, बटर. तो नेहमीसारखा शांतपणे ऐकत होता.

भाषण मनात म्हणून पाहिलं. भूगोलाचा शिक्षक तो. काय सुंदर बोलला होता. "फिलोमेना माझी उत्तर दिशा आहे. नकाशा उलटा धरला तरी ती सापडते." मग नदीबद्दल काहीतरी, मग माझ्या हातच्या शेंगदाण्याच्या सूपाबद्दल. लोक रडले होते. आता वाटतं, पंधराहूनही जास्त मिनिटं होती.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मन्सा घरी आली. डबा उलटा करून, माझ्या विणायच्या दोन सुया आत घालून डिस्क काढली. ती बराच वेळ वासच घेत बसली.

"मॅडम, ही तळायला घेतली होती का?"

साबणाच्या पाण्याने डिस्क धुतली. डबा कापसाने पुसला. मन्सा म्हणाली, यावर क्रोशाचा रुमाल घालू नका, तापतो. तो रुमाल मी बाराव्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये विणला आहे आणि त्याने आजवर कोणाला ताप आणलेला नाही. पण काढला.

डिस्क पुन्हा घातली. टक्. टक्. बाहेर. निदान पहिल्यासारखं झालं, ही प्रगतीच.

शनिवार, ९ नोव्हेंबर

लिहावं की नाही.

दुपारी पांढरा पोशाख शिवत होते. वर्षभर काळं नेसले, प्रार्थनेच्या दिवशी ते उतरवून पांढरं नेसायचं. तेवढ्यात कोबिनाचा फोन. कान आणि खांद्याच्या मध्ये फोन, तोंडात टाचण्या. त्यामुळे मला मध्ये बोलता आलं नाही, आणि कोबिनाचं वाक्य पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेलं.

ते असं: "मा, ती डिस्क दुकानातून आणलेली कारखान्याची आहे, की फोटोग्राफरने घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेली? कारण घरी बनवलेल्या डिस्का माझ्या या मशीनचं वाचायचं यंत्र ओळखतच नाही. कुठलंही सॉफ्टवेअर घातलं तरी. हेच मी ऑक्टोबरपासून विचारतोय."

फोटोग्राफरने बनवलेली. वर त्याने पेनाने नाव लिहिलं आहे: 'एजिर, रौप्य'.

मी एकेक टाचणी काढून उशीत टोचली. अकरा होत्या.

तो म्हणाला, "मा? अराबा आत्याचा प्लेयर आण. पाच मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "बघते." म्हणजे नाही. त्यालाही कळलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

मार्ग निघाला! इतका सोपा की हसू आलं. घरचं सॉफ्टवेअर कार्डावरचे फोटो दाखवतं. तेवढं त्याला येतं. मन्साने क्वेसीचा तपकिरी सूटमधला फोटो कार्डावर घालून दिला. तर: पडद्यावर क्वेसीचा चेहरा, आणि भाषण मी म्हणायचं. शब्द त्याचे, आवाज माझा. मला तोंडपाठ आहे. खरं तर जास्त स्पष्ट ऐकू येईल.

भाषण लिहून काढलं. साडेसहा पानं. घड्याळ लावून वाचलं, अठरा मिनिटं. नदीचा भाग थोडा कमी केला.

रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ७

पांढरं नेसले. आरशात एक अनोळखी बाई. क्वेसी म्हणाला असता... मला माहीत आहे तो काय म्हणाला असता.

डबा, टीव्ही, कार्ड मन्साने काल हॉलवर पोचवलं. सगळं तयार. डिस्क पर्समध्ये रुमालात गुंडाळून, जपमाळेशेजारी. सोबत असावी म्हणून. शांत वाटतंय.

संध्याकाळी

उद्या.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दहावा क्रमांक झाला, दानपेटी फिरली. फादर अमिसांनी वाचलं, "अकरा. चित्रफीत. पंधरा मिनिटे." हॉल गच्च. पहिल्या खुर्चीवर अराबा, पांढऱ्या कापडात, पायाशी डोक्यावरून आणलेलं घमेलं.

मी रिमोट धरला. पडद्यावरचा हात असा थरथरायला लागला की मागून कोणी तरी म्हणालं, "बाईंना पाणी द्या." मी फोटोचं चित्र दाबायला गेले आणि शेजारचं दाबलं. क्वेसीऐवजी बोलिंगची लांब वाट आली. सरावासाठी परत घातलेली डिस्क आतच होती. वर आकडा: तुमचा विक्रम, १४२.

लोक हसायला लागले. मी पानं उघडली आणि मोठ्याने म्हटलं, "फिलोमेना माझी उत्तर दिशा आहे—"

"बस, फिलो," अराबा म्हणाली.

ती उठली. घमेल्यावरचं कापड काढलं. आत तिचा प्लेयर, वायर नीट गुंडाळलेली. ती घरून तो डोक्यावर घेऊन, सगळ्या गावातून आली होती. मन्सा धावली, वायरी जोडल्या. अराबाने हात पुढे केला. मी पर्स उघडली. दुसरं काय करणार.

डिस्क नाकाजवळ नेऊन अराबा म्हणाली, "हिला शिया बटर कोणी लावलं?" तिने आपल्या नव्या पांढऱ्या कापडाच्या टोकाने ती पुसली.

आणि क्वेसी उभा राहिला.

तपकिरी सूट. पोट थोडं सुटलेलं. हातात घडी घातलेला कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला; फोटोग्राफरने तो अगदी जवळून घेतला आहे. क्वेसी खाकरला. म्हणाला, "फादर, मंडळी. आभार." मग थांबला. कागदाकडे बघितलं. म्हणाला, "माझी पत्नी..." आणि पुन्हा थांबला. शब्द शोधत होता. तोंड अर्धं उघडं.

मग एक आवाज. खणखणीत, कॉन्व्हेंटचा, हॉलच्या टोकापर्यंत जाणारा: "क्वेसी, बस आता. भात गार होतोय."

तो हसला. कागद खिशात ठेवला. बसला. टाळ्या, वाढपी, भाताची भांडी. चाळीस सेकंदं.

फादर अमिसांनी पत्रिकेकडे बघितलं, मग घड्याळाकडे. पंधरा मिनिटं छापली होती. छापलेलं टळत नाही. अराबाने चित्रफीत मागे नेली आणि पुन्हा लावली. पुन्हा. पुन्हा. बावीस वेळा, फादरांनी 'वेळ झाली' म्हणेपर्यंत. "माझी पत्नी..." "क्वेसी, बस आता. भात गार होतोय." चौथ्या वेळेपासून सगळा हॉल माझ्या सुरात सूर मिसळून म्हणत होता. दहाव्या वेळी फादरसुद्धा.

पंधराव्या वेळेच्या आसपास मी ऐकायचं सोडलं आणि फक्त त्याच्याकडे बघितलं. हसण्याच्या आधी तो एक क्षण थांबतो. माझ्या दिशेने बघतो, मी शब्द मागे घेते का ते बघत. मग कागदाची घडी घालतो.

तो कागद मी कधी पाहिला नाही. सूट दुसऱ्या दिवशी धुवायला टाकला होता. धुण्याआधी खिसे मी स्वतः रिकामे करते, न बघता, थेट कचऱ्यात. माझी शिस्त आहे.

कार्यक्रम संपल्यावर अराबा जवळ येऊन बसली. मी टोमण्याची वाट बघत होते. ती प्लेयरची वायर गुंडाळायला लागली. म्हणाली, "'माझी पत्नी.' दोन शब्द. माझ्याबद्दल तर त्याने एकही काढला नाही कधी, फिलो." मग उठली. प्लेयर माझ्या पुढ्यात ठेवला. "राहू दे तुझ्याकडे. आज मोकळं घमेलं डोक्यावर घेऊन जाईन म्हणते. मान दुखतेय."

उत्तर दिशा, नदी, शेंगदाण्याचं सूप. सगळं मला तोंडपाठ आहे. मग ते म्हटलं कोणी?

दुपारी कोबिनाचा फोन आला. "मा, कसा झाला कार्यक्रम? मी विचार करत होतो..." तो थांबला. मी ठरवलं होतं: आजपासून कोणालाही पूर्ण बोलू द्यायचं. मी गप्प राहिले. तो गप्प. मी आणखी गप्प.

"हॅलो? मा?" तो म्हणाला. "हॅलो? लाईन तुटली वाटतं." आणि त्याने फोन ठेवला.

प्लेयर जोडला. एकदा बघितलं. एकदाच. या वेळी वाढप्यांकडे लक्ष गेलं. ते झाकणं उघडतात तेव्हा एकाही भांड्यातून वाफ येत नाही.

भात तर आधीच गार झालेला होता.